ओळखीचं पाणी

पाण्यावर एवढा जीव टाकणारा आणि त्याच पाण्याला एवढा भिणारा माणूस आमच्या साडूभाऊंखेरीज अख्ख्या भिलाईत नव्हता, दुर्गात नव्हता, आणि त्या वेळी आमची राजधानी असलेल्या भोपाळातही नसावा. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातून ऐन तरुणपणी इकडं आले, कारखान्यात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर, म्हणून चिकटले आणि घाम गाळत गाळत ब्लास्ट फर्नेसवर फोरमन झाले. मी आपला त्याच कारखान्याच्या हिशेब खात्यातला पंख्याखालचा कारकून. एकदा त्यांना कसला तरी कागद द्यायला मी भट्टीवर गेलो, तर हे गृहस्थ लाल लोखंडाचा पाट वाहतोय त्याच्यापासून थोड्याच अंतरावर डबा उघडून मजेत वांग्याची भाजी खात बसलेले. माझ्या चष्म्याच्या काचा तापल्या, शर्ट अंगाला चिकटला. हे मात्र म्हणाले, ‘‘या, या, बसा ना. थंडीच आहे आज जराशी.’’ असा हा माणूस. पण दुसऱ्याच्या घरी कोणी समोर पाण्याचा ग्लास धरला, की यांचा चेहरा जो पांढराफटक पडायचा, तो चहा येईपर्यंत ताळ्यावर येत नसे.

आता कोणी म्हणेल, माणूस संशयी असेल. छे! भरवसा ठेवायचा तर साडूभाऊंनी ठेवावा. पण तो धरणावर. बालोदजवळचं तांदुळा धरण त्यांना सख्ख्या थोरल्या बहिणीसारखं होतं. तिथलं पाणी कालव्यानं येतं, मरोद्याच्या तलावात विसावतं, फिल्टर प्लांटमध्ये गाळून-शुद्ध होऊन आमच्या नळाला येतं, ही कथा ते इतक्या भक्तिभावानं सांगत की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जात. उन्हाळ्यात आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसे ते बालोदहून येणाऱ्या प्रत्येकाला गाठून विचारायचे, ‘‘तांदुळा कशी आहे? लय खाली गेली काय?’’ पाणी खूपच उतरलं असं कळलं, की त्या आठवड्यात त्यांच्या घरी आंघोळीला अर्धी बादली. ताई, म्हणजे माझी मेहुणी, कपाळाला हात लावून म्हणायची, ‘‘धरण बालोदले, अन् सुतक आमच्या घरी!’’

रविवारी सकाळी लोक बाजारात जायचे, साडूभाऊ मरोद्याच्या तलावावर राउंडला जायचे. नेमणूक कोणी केली नव्हती, पगार कोणी देत नव्हतं. स्कूटर चालवायला मी. काठाकाठानं हात मागं बांधून हिंडायचे, शेव-चिवड्याचे कागद उचलायचे, सहलीला आलेल्या लोकांना हिंदीत व्याख्यान द्यायचे. मोठ्या जलाशयात पाणी नुसतं पडून नसतं, ते काम करत असतं. गाळ खाली बसतो, ऊन वरून तापवतं, वारा हलवतो, फक्त माणसानं मधे तोंड, साबण आणि म्हैस घालू नये, असा त्याचा सारांश. लोक पुरी-भाजी खाता खाता ऐकून घेत. एकदा मात्र एक म्हातारा खरोखरच म्हशी पाण्यात घेऊन उतरला होता. साडूभाऊ काठावरून ओरडले, ‘‘ए बाबा! निकालो भैंस को! ये पीने का पानी है!’’ म्हातारा शांतपणे म्हणाला, ‘‘भैंसी घलो त पीयत हे, साहेब.’’ म्हशीही पीतच आहेत की! परत येताना स्कूटरवर मागं बसून साडूभाऊ बराच वेळ पुटपुटत होते, ‘‘बोलला बराबर, पण चुकीचं बोलला.’’

गल्लीत त्यांची दहशत होती. आमच्या सेक्टरमध्ये नळ आला की कोणी अंगण धुई, कोणी स्कूटर. साडूभाऊ कोणाच्याही फाटकातून आत शिरून कोणाचाही नळ बंद करत. ‘‘एवढ्या मेहनतीनं साफ केलेल्या पाण्यानं गाडी धुता, राजेहो? तुपानं पुसा ना मग!’’ मोठमोठे इंजिनिअर लोक त्यांना पाहून पाइप लपवत, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग एवढ्या विश्वासाचं पाणी हा माणूस सरळ का पीत नसे? तर त्यांचं म्हणणं असं, की तांदुळा कधी दगा देणार नाही, दगा देतो माणूस. नळापासून ग्लासापर्यंतचा रस्ता सगळ्यात धोक्याचा. कोणाचा माठ उघडा, कोणी न धुतलेला हात कोपरापर्यंत बुडवून गडवा भरतो, कोणाची मोरी अन् पाण्याचं मडकं शेजारी शेजारी. म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात पाण्याचं गंगास्नान चाले. आधी ते एका गुंडीत, म्हणजे पितळी हंड्यात, निवळायला ठेवायचं, त्यात तुरटी फिरवायची, मग जुन्या धोतराच्या चौघडीतून गाळायचं, मग घड्याळ समोर ठेवून खळाखळा उकळायचं, मग झाकून थंड करायचं, आणि एवढं झाल्यावर मनाच्या समाधानासाठी त्यात औषधाचे थेंब. त्या घरचा चहा पिताना दवाखान्यात पेशंटला भेटायला आल्यासारखं वाटे. पाहुण्यांनी तोंड वाकडं केलं की साडूभाऊ खूश होऊन विचारत, ‘‘वास आला ना? येईनच. शुद्धतेचा आहे तो.’’

दुसऱ्याच्या घरी मात्र त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. आपल्याकडे पाहुणा उंबरा ओलांडून आत आला, की आधी पाणी, खुशाली नंतर. ते पाणी समोर आलं की साडूभाऊ हसून म्हणत, ‘‘नको, आत्ताच पिऊन आलो.’’ बाहेरगावी निघाले तर खांद्याला कॅनव्हासची छागल, तिच्यात घरचं पाणी. नागपूरला आमच्याच नात्यातल्या लग्नाला गेलो होतो, तर हे पंगतीतही छागल मांडीशी घेऊन बसले. मुलीच्या मामांनी पाहिलं. नागपूरचा माणूस तो, सोडतो थोडाच? म्हणाला, ‘‘कावून हो पाव्हणे, आमच्या गोरेवाड्याच्या तलावाले काय झालं?’’ साडूभाऊ अगदी नम्रपणे म्हणाले, ‘‘तलाव चांगलाच असन. पण माझी त्याची ओळख नाई ना.’’ मामा वाढता वाढता थांबले. त्या पंगतीत आमच्या पानांवर बुंदीचा लाडू आलाच नाही. मला लाडू आवडतो. मी ते अजून विसरलेलो नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण मंदा, साडूभाऊंची एकुलती एक पोर, लग्नाची झाली आणि गंमत अंगाशी येऊ लागली. पहिलं स्थळ गोंदियाचं. मुलाचे वडील घरी आले, साडूभाऊंनी प्रेमानं दिलेलं पाणी घोटभर प्याले आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, ‘‘यात फिनेल पडलं काय हो?’’ साडूभाऊंनी त्यांना जंतूंवर व्याख्यान दिलं. स्थळ गेलं. दुसरं राजनांदगावचं. तिथं हे स्वतः गेले आणि मुलाची आई आत वळल्याबरोबर हळूच उठून त्यांच्या माठावरचं झाकण उचलून आत डोकावले. माउली परत आली तर होणारा व्याही माठात तोंड घालून उभा! त्यावर यांनी खुलासा केला, ‘‘काही नाई, आत काही वळवळते काय, पाहून राहिलो होतो.’’ तेही स्थळ गेलं. ताई रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. साडूभाऊ म्हणाले, ‘‘ज्या घरचं पाणी झाकलेलं नाई, तिथं पोरगी द्यायची काय मरायले?’’ आणि पाणी उकळायला उठले.

तिसरं स्थळ मंदानं स्वतःच आणलं. टायपिंगच्या क्लासात ओळख झालेला मुलगा, जामुलच्या सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिशियन, आपल्याच भाषेचा. घर जामुलच्या कडेला, तळ्याकाठी. मुलगा चांगला होता, पोरीचा जीव त्याच्यात गुंतला होता, आणि हे स्थळ मोडलं तर दुसरं बघायचंच नाही, असं तिनं तिच्या मावशीला म्हणजे आमच्या हिला सांगून टाकलं होतं. जायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली. ‘‘मौसाजी, तुम्ही बाबांसोबत जा. बाकी सब सेट आहे. फक्त बाबांनी तिथं एक ग्लास पानी पी लिया ना, बस.’’ हसत म्हणाली, पण डोळे भरलेले होते. मी म्हणालो, ‘‘पाजतो. नाक दाबून पाजतो.’’ आमची ही आतून म्हणाली, ‘‘नाई पाजलं तर तुम्हीही तिकडंच राहा, घरी येऊ नका.’’

तर अशा रीतीनं एका फोरमनला एक ग्लास पाणी पाजण्याची कामगिरी माझ्यावर आली. छागल मी मुद्दाम घरीच ठेवायला लावली. जामुलपर्यंत सगळा रस्ता मी स्कूटरवरून मागं मान वळवून बजावत होतो, ‘‘भाऊसाहेब, एकच ग्लास.’’ ते म्हणत, ‘‘हो ना, पेतो ना. मी काय लहान पोर आहो?’’ घर साधं, सारवलेलं, स्वच्छ. मुलाचे वडील कमी बोलणारे. घरात कारभार सगळा मुलाच्या आजीचा. ठेंगणी, काटक, हातभर हिरवा चुडा. आम्ही बाजेवर टेकलो नाही तोच आजी कोपऱ्यातल्या माठाकडे गेली, झाकण काढलं आणि हिरवा चुडा कोपरापर्यंत पाण्यात बुडवून गडवा भरून घेतला. मी साडूभाऊंकडे पाहिलं. गेला! माणूस हातचा गेला! लाल लोखंडासमोर न हलणारा तो चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. आजीनं ग्लास पुढं केला. मी त्यांच्या पायावर पाय दिला. आणि साडूभाऊ हसून म्हणाले, ‘‘नको, आत्ताच पिऊन आलो.’’

आजी ग्लास धरून तशीच उभी राहिली. मग खाली त्यांच्यासमोर बसली. रागावली नव्हती, तेच वाईट होतं. ‘‘उन्हातून आले, धुळीतून आले, घामानं भिजले, अन् पिऊन आलो म्हणता. खरं सांगा पाव्हणे, आमच्या हातचं पाणी तुमाले चालत नाई काय? तसं असन तर आत्ताच सांगा. आमी कोण, कुठले, सारं सांगतो. पोरगी देल्यावर नका सांगू.’’

मुलाच्या वडिलांनी मान खाली घातली. मुलगा दारात उभा होता, तो आत निघून गेला. साडूभाऊंना आधी कळलंच नाही. ‘‘चालत नाई म्हंजे?’’ त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. जात विचारणाऱ्याला भट्टीवरून हाकलून देणारा माणूस हा. आपल्या नकाराला असाही अर्थ आहे, लोक तोच अर्थ आधी लावतात, हे भल्या गृहस्थाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. डोकं सगळं जंतूंनी भरलेलं, तिथं दुसऱ्या कशाला जागा कुठून असणार?

‘‘नाई वो माय,’’ ते चाचरत म्हणाले, ‘‘मी माणसाले नाई, जंतूले भेतो.’’

‘‘मग जंतू काय आमच्याच घरी राहतात?’’ आजी म्हणाली.

साडूभाऊंनी तिच्या हातातून ग्लास घेतला. डोळे मिटले, आणि थेंबही न सोडता सगळा प्याले. ग्लास खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, ‘‘गोड आहे.’’ आजी म्हणाली, ‘‘राहीनच. तळ्याच्या काठच्या विहिरीचं आहे.’’ मुलाच्या वडिलांनी आत आवाज दिला, ‘‘गूळ आणा रे!’’ आणि मंदाचं लग्न ठरलं.

घरी येऊन साडूभाऊ जे खाटेवर आडवे झाले, ते पटकीची वाट पाहत. उशाशी मीठ-साखरेच्या पाण्याचा जग, ताईला प्रॉव्हिडंट फंडाच्या सूचना, मंदाला आशीर्वाद. पटकी काही आली नाही. नुसती एक लांब ढेकर आली आणि तिसऱ्या दिवशी ते ड्युटीवर गेले. यावरून कोणी असं समजू नये, की ते सुधारले. घरचं पाणी तसंच उकळत राहिलं, तसाच तो शुद्धतेचा वास येत राहिला. मंदासोबत सासरी लांब दांड्याचं ओगराळं आणि झाकणाची पितळी गुंडी गेली ती गेलीच, आणि आजीही पुढं नातसुनेच्या धाकानं त्या ओगराळ्यानंच पाणी घेऊ लागली. जंतूंबद्दल साडूभाऊंचं मत तसूभरही बदललं नाही, आणि खरं सांगायचं तर ते चूकही नव्हतं.

बदललं ते निराळंच. लग्नाच्या पत्रिका वाटायला आम्ही स्कूटरवरून निघालो. पहिल्याच घरात बसल्याबरोबर साडूभाऊ मोठ्यांदा म्हणाले, ‘‘पाणी आणा.’’ त्या घरचा माणूस बघतच राहिला. बायको आतून धावत आली, बरं नाही की काय म्हणून. साडूभाऊंनी ग्लास संपवला, पत्रिका दिली, उठले. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. स्मृतिनगरात तर एका साहेबानं ‘आधी चहाच घ्या’ म्हटलं तर हे हटून बसले, ‘‘नाई. आधी पाणी.’’ ज्या ज्या घरी कधी नको म्हटलं होतं, तिथं तिथं जाऊन हा माणूस पाणी मागत होता. दुपार कलली तेव्हा त्यांच्या पोटात इतकं पाणी झालं होतं की स्कूटर खड्ड्यात गेली की मला मागून डचमळल्याचा आवाज येई. मी म्हणालो, ‘‘भाऊसाहेब, तांदुळा भरली आता. दारं उघडावी लागतील.’’ एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, ‘‘गाडी रुआबांध्याले घ्या.’’

रुआबांध्याला त्यांचा भट्टीवरचा जुना सोबती राहायचा. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच वयाचा. दोघं एकाच दिवशी कामावर लागले होते. गावात ज्या वस्तीची विहीर वेगळी होती, त्या वस्तीतला. साडूभाऊंनी हे मला त्या दिवशी, तिथं पोचायच्या जरासं आधी सांगितलं. ‘‘पहिले दर सणाले बोलवे मले. मी जाओ. जेवाले नाई, उगा बसाले. पाणी आणत, मी नको म्हणो. मंग त्यानं बोलवणंच सोडलं. मले वाटे, संसारात गुतला असन.’’

सोबत्याचं घर छोटंसं होतं, पण दार उघडंच होतं. सोबती बनियनवर बसला होता, पाहून उठला. ‘‘ये बे,’’ एवढंच म्हणाला. साडूभाऊ बसले. आत बघून म्हणाले, ‘‘वहिनी, पाणी द्या.’’

आत भांड्याचा आवाज झाला. वहिनी बाहेर आल्या; हातात ताटलीनं झाकलेला ग्लास. साडूभाऊंनी पहिला घोट घेतला आणि थांबले. पाण्याच्या बाबतीत ती जीभ कधी चुकली नव्हती. ‘‘हे उकळलेलं आहे,’’ ते म्हणाले.

‘‘मग?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुमाले उकळलेलंच लागते, असं आमच्या यायनं पहिलेच सांगतलं होतं. तुमी यायचे तवा सकाळपासून उकळून, झाकून ठेवत होती मी. तुमी पेत नव्हते, मंग संध्याकाळी लेकरं पेऊन टाकत. आता पोरीचं लग्न जमल्याचं ऐकलं, म्हणलं येतेच पत्रिका घेऊन. तर रोजच ठेवून राहिली.’’ मी आत पाहिलं. चुलीजवळ स्टोव्ह होता, रेशनवर मोजून मिळणाऱ्या रॉकेलचा छोटा डबा होता. त्या काळात रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही मला जास्त काही सांगायची गरज नाही.

साडूभाऊंनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. सोबत्याकडे न पाहता ते म्हणाले, ‘‘तवा सांगतलं कावून नाई गा मले?’’

‘‘पाणी पे म्हणलं होतं ना बे,’’ सोबती म्हणाला. ‘‘अजून काय सांगाव लागते?’’

उरलेलं पाणी साडूभाऊंनी हळूहळू, एकेक घोट घेत संपवलं आणि ग्लास वहिनींपुढं धरून अजून मागितलं. वहिनींनी आतून सगळं भांडंच आणून समोर ठेवलं. मग दोघं म्हातारे होऊ घातलेले गडी गावच्या गोष्टी बोलत बसले. पिशवीत बऱ्याच पत्रिका शिल्लक होत्या आणि उन्हं उतरायला लागली होती, पण निघू या असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.